मुद्दल मुलाचं, उत्पन्न बायकोचं

तीन शहाणी माणसं टेबलाभोवती बसतात, दोन-दोनदा पोहे मागून घेतात आणि एका बाईने वर्षभर किती पैशांत जगायचं ते ठरवून हात धुवायला उठतात, हे मी दुबईच्या बर दुबई भागातल्या एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहिलं आहे. पोहे मी केले होते. ती बाईही मीच.

माझी शाळा सातवीत सुटली. त्यामुळे लिहायला बसले की अजून धास्ती वाटते, कुणी शिकलेला वाचेल आणि म्हणेल, हिला मुद्दल-उत्पन्नातलं काय कळतं? नव्हतंच कळत. पण त्या तिघांनाही कळत नव्हतं, आणि त्यांना आपल्याला कळत नाही हेही कळत नव्हतं. माझी धास्ती त्यापेक्षा बरी, असं आता वाटतं.

आमच्या गावचे पुरुष दुबईला जायला लागले ते माझ्या लग्नाच्याही आधी. दुबईतल्या देरा भागात त्यांची एक खोली होती. गावाची खोलीच म्हणायचे तिला. एकावर एक खाटा, मधे स्टोव्ह, दोरीवर वाळणारे कपडे. नवा माणूस आला की पहिल्या शुक्रवारी त्याला तिथे पंचांपुढे बसवायचे. पंच म्हणजे गावचेच तीन जुने, मानाचे लोक. नव्याने सर्वांदेखत म्हणायचं, ‘माझं काही बरंवाईट झालं तर कंपनीकडून येईल ते पंचांच्या ताब्यात. मुद्दल मुलाचं, उत्पन्न बायकोचं.’ हे कागदावर उतरायचं, सही नाहीतर अंगठा व्हायचा, मग चहा आणि समोसे. लग्न न झालेली पोरंसुद्धा हेच म्हणत. कुठली बायको, कुठलं मूल, पण वाक्य तेच.

पद्धत वाईट नव्हती, हे मला आधी सांगितलं पाहिजे. त्यापूर्वी माणूस गेला की पैसे गावी भावांच्या हातात जात आणि बायकोला पेटी, घड्याळ आणि फोटो मिळे. पंच आल्यापासून निदान पैसे कुठे आहेत ते कळायला लागलं.

आमच्या ह्यांनीही ते वाक्य म्हटलं होतं. सुट्टीवर आले तेव्हा हसत मला सांगितलं, "तुझी आणि पोराची वाटणी करून आलोय. पोराला झाड, तुला नारळ." मी म्हटलं, "अभद्र बोलू नका." ते म्हणाले, "अगं, सगळेच बोलतात. समोसे मिळतात."

पुढच्याच उन्हाळ्यात साइटवर त्यांच्या छातीत दुखलं आणि ते गेले. आमचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता.

कंपनीने ग्रॅच्युइटी दिली, ती एकरकमी. तिच्यात काही भानगड नव्हती. पंचांनी ती बँकेत ठेवली, ती मुद्दल. तिचं व्याज ते उत्पन्न, आणि ते माझं असलं तरी आमच्या मोठ्या दिरांकडे मुलाच्या पोटापाण्याला जाऊ लागलं. भानगड झाली विम्याची. ते पैसे एकदम मिळणार नव्हते. विमा कंपनी वर्षाला एक चेक देणार होती, पंधरा वर्षं. मग खलास.

आता हा चेक मुद्दल की उत्पन्न? ज्यांनी ते वाक्य पहिल्यांदा जुळवलं त्यांच्या काळी पैसे एकदमच यायचे. हप्त्याने येणाऱ्या पैशांचा विचार कुणी केलाच नव्हता, आणि पुढच्या प्रत्येकाने समोशावर नजर ठेवून तेच वाक्य म्हटलं होतं. ह्यांच्याच शब्दांत सांगायचं तर झाड बागेत उभं असेल तर भांडण नाही. इथे विमा कंपनी दरवर्षी झाडाचा एक तुकडा नारळांसकट तोडून पाठवत होती. सगळा चेक मी खाल्ला तर पंधरा वर्षांनी पोराच्या हातात काही राहणार नाही. सगळा चेक साठवला तर मी आणि पोर पंधरा वर्षं काय खाणार? मधेच कुठेतरी रेघ मारायची होती. ती मारायचं काम पंचांचं.

पहिला चेक यायला फार वेळ लागला. तोवर दिरांच्या घरी माझं काय चाललं होतं ते मी सांगत बसत नाही. पंचांपैकी एक त्या सुमारास गावी आले होते. ते मोठ्या कंपनीत अकाउंट्सला होते. गावचे असूनही पुण्यात वाढलेले, दुबईत बायको-मुलांसह राहणारे. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी मला विचारलं, "आमच्याकडे स्वयंपाकाला येतेस? व्हिसा मी काढतो. चेकचं मार्गी लागेपर्यंत पायावर उभी राहशील." मी त्यांच्या पाया पडले. मनापासून पडले. आजही तो उपकार मी नाकारत नाही. पोराला दिरांकडे ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. हातातला फॉर्म भरता येईना म्हणून शेजारच्या माणसाला दिला.

साहेबांच्या घरी मला जागा मिळाली ती स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत, वॉशिंग मशीनला लागून. पण पंखा होता आणि दाराला आतून कडी होती. कडीचं मोल काय ते मला विचारा. ताई, म्हणजे साहेबांची बायको, एका ऑफिसात नोकरीला होत्या. त्यांनी मला मायक्रोवेव्ह शिकवला, रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवलं, तापाने फणफणले तेव्हा सुट्टी काढून डॉक्टरकडे नेलं. दोन मुलं होती. मी मराठीत विचारायचे, "भाकरी हवी का रे?" की उत्तर, "नो, थँक यू." मायाळू होती, पण मराठी त्यांच्या कानात शिरायची आणि तोंडातून इंग्रजी होऊन बाहेर पडायची.

पासपोर्ट साहेबांच्या कपाटात होता. सगळ्यांचेच तसे असतात, ते म्हणाले. मीही तसंच समजून चालले.

पहिला चेक आला त्या शुक्रवारी पंच साहेबांच्याच घरी जमले, देऱ्याच्या खोलीत बसायला खुर्ची नाही म्हणून. साहेबांशिवाय दोघे होते. एक शेठ. देऱ्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान, खिशाला सोन्याचं पेन. ते पेन लिहायला कधी काढलेलं मी पाहिलं नाही. दुसरे दादा. ह्यांच्याच साइटवरचे जुने फोरमन, ह्यांच्या वरच्या खाटेवर कित्येक वर्षं झोपलेले. ह्यांचा देह विमानात चढवला तो दादांनी. मला भरवसा होता तो त्यांचा.

आणि सुरुवातही दादांनीच केली. घसा खाकरून म्हणाले, "मला हिशेबातलं कळत नाही. पण बाईमाणूस आहे, लहान पोर आहे. अर्धं मुद्दलात टाका, अर्धं वहिनींना द्या. मोकळे व्हा."

माझ्या हातातली पोह्यांची कढई हलकी झाली.

शेठ टेबलावर पुढे झुकले. त्यांच्या ओठांवर एक हसू होतं. "दादा," ते म्हणाले, "वहिनींची फार काळजी दिसते तुम्हाला."

एवढंच. दादांचे कान लाल झाले. साठीला आलेला माणूस, दोन सुना घरात, आणि नव्या पोरासारखे कान लाल. "तसं नाही हो," ते म्हणाले, "मी आपलं बोललो. अर्धं म्हणजे अगदी अर्धंच असं नाही. चौथा हिस्सा धरा."

आता शेठनाही आपण स्वच्छ आहोत हे दाखवणं आलं. "चौथा कशाला? पाचवा बस्स. गावात खर्च काय असतो?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. महत्त्वाचं बोलायचं असलं की चष्मा पुसायची त्यांची सवय होती. "आपण भावनेने जायला नको," ते म्हणाले. "यालाही नियम असतात. काही देशांत कायदाच आहे. चेकमध्ये व्याज किती ते देणारा सांगत नसेल, तर दहावा भाग उत्पन्न धरायचा, बाकी मुद्दल. मी वाचलंय."

"कुठल्या देशात?" दादांनी विचारलं.

"आहे एका," साहेब म्हणाले.

अर्ध्यावरून दहाव्यावर यायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. लिलावात माणसं बोली चढवतात. ही मंडळी उतरवत होती, आणि जो जास्त उतरवील तो जास्त सभ्य. नवरा नसलेल्या बाईला पैसे द्या म्हणणाऱ्याकडे लोक वाकड्या नजरेने बघतात, आणि नको म्हणणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. माझ्या पोराचं बालपण तिथे या एका भीतीवर विकलं जात होतं आणि कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं.

शेठ माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "वहिनीसाहेब, बाराशे दिरहॅम झाले तुमचे! म्हणजे आपले जवळजवळ बारा हजार रुपये. गावात कोण बघतं बारा हजार?"

ते वर्षाचे होते, हे ते म्हणाले नाहीत. बारा हजारांत तालुक्याच्या गावी खोली, शाळा, दोघांचं जेवण वर्षभर होणार नव्हतं. म्हणजे मी परत जाऊ शकत नव्हते. म्हणजे पोर दिरांकडे आणि मी इथे. पुढची चौदा वर्षं.

साहेब नंतर स्वयंपाकघरात आले. पंचांसमोर मी वहिनी असायचे, स्वयंपाकघरात ‘अगं’. "अगं, हे मुलाच्याच भल्याचं आहे," ते म्हणाले. "पंचवीसचा झाला की केवढी रक्कम हातात येईल त्याच्या."

मी म्हटलं, "त्याचे आत्ता दुधाचे दात पडताहेत, साहेब."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "आत्ता त्याला पैशाची काय गरज?"

मी मान डोलावली. धन्यवाद म्हटलं. मी तेव्हा सगळ्यालाच धन्यवाद म्हणायचे. व्हिसाला, पंख्याला, कडीला, दहाव्या भागाला. तोंडात एवढा एकच शब्द शिल्लक असावा तशी.

त्या आठवड्यात ताईंनी मला जवळ बसवून विचारलं, "अर्धं मिळालं असतं तर तू गेली असतीस ना?"

"हो," मी म्हटलं.

ताई म्हणाल्या, "तुला खोटं सांगत नाही. मला बरं वाटलं. तू गेलीस तर माझी नोकरी गेली समज." आणि त्यांना रडू आलं. त्या सगळ्या प्रकरणात एवढं सरळ बोललेलं ते एकच माणूस. त्यांचा मला राग आला नाही. पण तोवर माझ्या डोक्यात जे आलं नव्हतं ते त्या दिवशी आलं. ज्या घरात मी पोळ्या लाटत होते त्या घरातल्या माणसाने माझा वाटा ठरवला होता. वाटा जेवढा लहान तेवढ्या पोळ्या जास्त दिवस. साहेबांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम करायला थोडा धीटपणा लागतो. त्यांनी चष्मा पुसता पुसता केलं.

वर्ष असंच गेलं. शुक्रवारी कार्ड घेऊन खालच्या बूथवरून फोन करायचा. गावी शेजाऱ्यांकडे फोन होता, पोराला बोलावून आणेपर्यंत कार्डातले पैसे जायचे. तो काय बोलणार? हो, नाही, जेवलो. एका शुक्रवारी मी म्हटलं, "नीट लिहितोस ना रे शाळेत?" तो म्हणाला, "आता लिहितो. प्लास्टर काढलं."

"कसलं प्लास्टर?"

"हाताचं. पेरूच्या झाडावरून पडलो होतो ना."

"कधी?"

"झालं ना आता," तो म्हणाला. माझीच समजूत घातल्यासारखा. मग कार्ड संपलं.

उजवा हात मोडला, प्लास्टरमध्ये गेला, प्लास्टरमधून बाहेर आला, आणि मला ते बाकीच्या बोलण्यात कळलं. मी बूथमधून बाहेर आले. समोरच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मल्याळी म्हणाला, "क्या हुआ, चेची?" मी म्हटलं, "कुछ नहीं." दह्याचे डबे घेतले आणि वर गेले.

पुढच्या शुक्रवारी मी ताईंना सांगून अब्रा, म्हणजे तिथली होडी, धरून खाडीपलीकडे देऱ्याला गेले. दादा मला धक्क्यापाशी भेटले. खोलीत बाईमाणसाने जायची पद्धत नव्हती. होड्यांमधून खोकी, टायर, फ्रिज चढत होते. दादा माझ्यापासून दोन हात दूर उभे होते आणि बोलताना माझ्याकडे न बघता फ्रिजांकडे बघत होते.

मी म्हटलं, "दादा, तुम्ही अर्धं म्हणाला होता."

"म्हणालो होतो."

"मग सोडलं का?"

"वहिनी, तुम्हाला नाही कळायचं. मी खोलीत बारा पुरुषांत राहतो. एकाने जरी म्हटलं ना, की म्हाताऱ्याचा मित्राच्या बायकोवर जीव आहे, तर मला इथून तोंड लपवून जावं लागेल."

"तुमच्या मित्राच्या पोराचा हात मोडला होता. मला महिन्याने कळलं."

"अरेरे," दादा फ्रिजांना म्हणाले. "इन्शाल्ला, बरा होईल."

"झाला."

"मग बरं झालं," ते म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांची एवढी किळस आली की माझं मलाच आश्चर्य वाटलं. हा माणूस मचाणावरून पडलेल्या पोरांना खांद्यावर घेऊन इस्पितळात पळायचा. दहाव्या मजल्यावर बिनधास्त चालायचा. आणि खाटेवर पडून कुजबुजणाऱ्या चार रिकामटेकड्यांना घाबरत होता. धैर्य असं तुकड्यातुकड्याने असतं माणसांत, जिथे लागतं तिथे नेमकं नसतं. पण परतीच्या अब्रात एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. या लोकांना नियम समजत नाही, दया समजत नाही. समजतं ते फक्त लोक काय म्हणतील. तर त्यांच्याशी त्याच भाषेत बोलायला हवं.

हे लिहायला सोपं आहे. दुसरा चेक येईपर्यंत मी कितीदा ते मनात बोलले आणि कितीदा गिळलं. बोललं आणि साहेबांनी व्हिसा रद्द केला तर? दिरांच्या घरी रिकाम्या हाताने परत? भांडी घासताना हातातून ग्लास सुटायचे. ताईंचे दोन चांगले ग्लास मी त्या दिवसांत फोडले.

दुसरा चेक आला. पुन्हा शुक्रवार, पुन्हा तेच टेबल. या वेळी मी उपमा केला होता. चर्चा करण्यासारखं काही नव्हतंच, मागच्याप्रमाणे दहावा भाग, साहेब म्हणाले, आणि शेठनी उपम्याचं कौतुक केलं.

मी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली.

"मला एक विचारायचंय," मी म्हटलं.

तिघांनी वर पाहिलं. पंचांपुढे बाई बोलली नव्हती तोवर कधी.

"देऱ्यातली गावची पोरं मला विचारतात, तुमचा वाटा कुणी ठरवला. मी काय सांगू? ज्यांच्याकडे मी पोळ्या लाटते त्यांनीच ठरवला असं सांगू? मला पैसे मिळाले तर मी जाईन आणि यांची स्वयंपाकीण जाईल, हे त्यांना आपोआप कळेल. ते मी सांगणार नाही."



पोरं विचारत होती हे खरं होतं. ताईंबरोबर सामानाला गेले की भेटत, विचारत. मी उत्तर दिलं नव्हतं इतकंच.

साहेबांनी चष्मा काढला पण पुसला नाही. "म्हणजे? तुला म्हणायचंय काय? मी... अगं, तुझ्यासाठी मी काय काय..."

"तुमचे उपकार आहेत, साहेब," मी म्हटलं. "म्हणूनच विचारते. तुमचं नाव खराब व्हायला नको."

मग शेठ हलले. त्यांच्या चेहऱ्यावर मी जो आनंद पाहिला तो मला कधी विसरता येणार नाही. पुण्यात वाढलेल्या, इंग्रजी पुस्तकातला नियम सांगणाऱ्या या साहेबाला खाली बघायला लावायची संधी त्यांना किती वर्षांनी मिळाली असेल. "वहिनी बोलतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "साहेब, तुम्ही यात बोलायलाच नको होतं. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो."

"काय म्हणत होता तुम्ही?" साहेब कडाडले. "पाचवा हिस्सा म्हणत होता तुम्ही!"

"तो तुमच्या धाकाने! माझ्या मनात तिसरा हिस्सा होता."

"मनात!"

दादा इतका वेळ उपम्यातल्या काजूकडे बघत होते. आता त्यांना धीर आला. वाऱ्याची दिशा बदलली की त्यांना नेहमीच धीर येत असावा. "मी तर अर्धं म्हणालो होतो," ते म्हणाले. "लिहून ठेवा. पहिल्यांदा अर्धं मी म्हणालो."

"अर्धं का?" शेठ म्हणाले. ते आता रंगात आले होते. "तीन हिस्से वहिनींना, एक पोराला. माझी तयारी आहे."

"द्या मग सगळंच!" साहेब म्हणाले. "आणि पोरगा पंचवीसचा होऊन दारात आला की त्याला तुम्ही उत्तर द्या. मी देणार नाही."

दारात येणाऱ्या पंचवीस वर्षांच्या पोराची सर्वांनाच थोडी भीती वाटली. शेठ मागे सरकले. दादा पुन्हा काजूकडे वळले. असं करत करत, एकमेकांना टोमणे मारत, दुसऱ्यांदा चहा घेऊन मंडळी अर्ध्यावर येऊन थांबली. मागच्या वर्षी जिथून निघाली होती तिथेच. दहावा भाग कुठल्या देशात गेला कुणास ठाऊक, त्या कायद्याचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

अर्धं बरोबर होतं का, मला आजही सांगता येत नाही. ते कुठल्याच हिशेबाने आलं नव्हतं. पण अर्ध्यात खोली होत होती, शाळा होत होती, दोघं जेवत होतो.

जाताना दादा दारात थांबले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "वहिनी, आता मी निश्चिंत झालो." मी म्हटलं, "बरं झालं, दादा." दुसरं काय बोलणार.

साहेब माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मला वाटे, आज व्हिसा जाईल, उद्या जाईल. तसं काही झालं नाही. ते वाईट नव्हते, एवढंच की त्यांना कुणी वाईट म्हणणं सहन होत नव्हतं. एक दिवस त्यांनी पासपोर्ट आणून ओट्यावर ठेवला, कणकेच्या परातीशेजारी. "दुसरी बाई मिळेपर्यंत थांब," ते म्हणाले. मी थांबले. श्रीलंकेची एक बाई आली, तिला मी भाकरी शिकवली. तिला जमली नाही. ताईंनी मला त्यांची बॅग दिली, पोराला बूट दिले. धाकटा मुलगा दाराला टेकून म्हणाला, "हू विल मेक माय टिफिन?" मी त्याला जवळ घेतलं. त्या घराची मला आठवण येणार नाही असं वाटलं होतं, पण आली.

तालुक्याच्या गावी शाळेच्या मागे एक खोली मिळाली. दिरांकडून पोराला घेऊन आले. खोलीत आल्यावर त्याने सगळीकडे फिरून पाहिलं, खिडकी उघडून मिटून बघितली, मग माझ्या बॅगेवर बसला.

"कधी जाणार?" त्याने विचारलं.

गावात दुबईहून कुणीही आलं की पोरं हेच विचारतात. येणारा जाणारच असतो.

"नाही जाणार," मी म्हटलं.

"मग पैसे?"

नऊ वर्षांचा नव्हता अजून. त्याला खोटं सांगायचं नव्हतं म्हणून मी जमिनीवर बसून समजावलं. बाबांचे पैसे वर्षातून एकदा येतात. त्यातले अर्धे आपण आत्ता खर्च करायचे. अर्धे पंच तुझ्यासाठी ठेवतात. तू पंचवीस वर्षांचा झालास की तुझे.

त्याने विचार केला. पोरांच्या चेहऱ्यावर विचार दिसतो तसा पंचांच्या चेहऱ्यावर मला कधी दिसला नव्हता.

"पंचवीस वर्षांचा झालो की मी क्रिकेट खेळणार नाही," तो म्हणाला. "माझ्या अर्ध्यातून आत्ता एक बॅट आण ना."

मी एवढ्या मोठ्याने हसले की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.

बॅट संध्याकाळी आणली. माझ्या अर्ध्यातून. पंचांना कळवलं नाही.